पाठ केलेलं स्पेलिंग पुन्हा पुन्हा चुकतंय? आधी शब्दाची फोड तपासा

इंग्रजी शब्द तोडून वाचा, तोडून पाठ करा, हा सल्ला प्रत्येकाला कधी ना कधी मिळालेला असतो. अडचण त्यानंतर सुरू होते. तोडून पाठ केलेला शब्द आठवड्याभरात पुन्हा चुकतो. 'सेपरेट' लिहिताना पीनंतर ई पडतो, 'बिगिनिंग'मधला एक एन गळतो, वाचताना 'वॉक्ड'चं 'वॉकेड' होतं, आणि 'कम्फर्टेबल' म्हटलेलं समोरच्याला चटकन कळत नाही. मग तोच शब्द वहीत पुन्हा पानभर.

माझ्या मते यात पाठांतराचा दोष क्वचितच असतो. फोड चुकलेली असते. आणि फोडीतली सर्वांत मोठी चूक ही, की आपण एकाच फोडीकडून दोन कामं करून घेतो. बोलताना शब्द जसा तुटतो तसा तो लिहिताना तोडला तर अक्षरं गळतात, आणि लिहिण्यासाठी तोडला तसाच बोललो तर उच्चार बिघडतो. म्हणून प्रत्येक अडणाऱ्या शब्दाच्या दोन फोडी कराव्या लागतात. मी त्यांना तोंडाची फोड आणि हाताची फोड म्हणते. आधी आपलं नेमकं कुठे अडतंय ते ओळखा, मग त्या भागाकडे वळा. खालच्या उदाहरणांत तिरकी रेघ म्हणजे तुकड्याची हद्द, तुकडा म्हणजे सिलेबल.

तुकडे किती, इथेच गोंधळ होत असेल तर

शब्द डोळ्यांनी पाहण्याआधी मोठ्याने म्हणा. एका सिलेबलमध्ये स्वराचा ध्वनी एकच असतो. स्वराची अक्षरं कितीही असोत, कानाला जितके स्वर ऐकू येतात तितकेच सिलेबल. 'रेन'मध्ये ए आणि आय अशी दोन स्वराक्षरं आहेत, पण ध्वनी एक, म्हणून सिलेबल एक. 'लायन'मध्ये आय आणि ओ शेजारी असूनही दोघं वेगळे ऐकू येतात, म्हणून दोन. 'रीच'मध्ये ई-ए मिळून एकच स्वर होतो. 'रिॲक्शन'मध्ये तीच जोडी रि/ॲक अशी फुटते, कारण तिथला 'रि' हा पुढे जोडलेला उपसर्ग आहे. 'होप'च्या शेवटचा ई मुका. तो तुकडा वाढवत नाही, आधीच्या ओचा उच्चार तेवढा लांबवतो. 'रेसिपी' आणि 'कॅटॅस्ट्रफी' यांचा शेवटचा ई मात्र बोलतो, म्हणून त्यांचे सिलेबल अनुक्रमे तीन आणि चार.

मराठी वाचणाऱ्याची मोजणी एका ठरावीक जागी चुकते. आपण शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहितो आणि त्याची अक्षरं मोजतो. 'नॅपकिन'ची अक्षरं नॅ, प, कि, न अशी चार दिसतात. सिलेबल दोनच, नॅप/किन. 'फिल्म'ला सिलेबल एकच आहे, 'फिलिम' म्हटलं की दोन झाले. 'स्ट्रेंग्थ' व्यंजनांनी कितीही गच्च भरलेला असो, त्यात स्वर एकच, म्हणून सिलेबलही एकच.

खरं तर मराठी बोलतानाही आपलं तोंड लिपीप्रमाणे तोडत नाही. 'पुस्तक' लिहिताना अक्षरं पु, स्त, क अशी तीन; बोलताना पुस्/तक असे दोनच तुकडे पडतात. कवितेच्या वृत्तांत जोडाक्षराआधीचा ऱ्हस्व 'पु' गुरू धरला जातो, तोही याचमुळे: 'स्त'मधला स् बोलताना मागच्या 'पु'ला जाऊन चिकटतो. म्हणजे सिलेबल ऐकण्याची जाण आपल्याकडे आहेच. इंग्रजी शब्द समोर आला की ती वापरायची.

मोजायला सोपा उपाय: हनुवटीखाली तळहात आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. प्रत्येक स्वराला जबडा खाली येतो. 'इ'सारख्या स्वराला तो फारसा हलत नाही, तेव्हा ओठ मिटून शब्द नुसता गुणगुणा. 'ऑपॉर्च्युनिटी' गुणगुणली की पाच ठोके स्पष्ट कळतात. 'लिटल' आणि 'बटन' यांच्या दुसऱ्या तुकड्यात स्वर जवळजवळ नसतोच, ल् आणि न् हेच स्वराचं काम करतात; तरी ठोके दोन.

'वॉकेड', 'हेल्पेड' होत असेल तर

क्रियापदाचा मूळ शेवट ऐका. तो ट किंवा ड असेल तरच ई-डी लागल्यावर तुकडा वाढतो: वॉन/टेड, नी/डेड. एरवी वाढत नाही. 'वॉक्ट', 'हेल्प्ट', 'प्लॅन्ड' हे सगळे एकाच ठोक्याचे. 'नेकेड' आणि 'विकेड' ही विशेषणं याला अपवाद आहेत. अनेकवचनाचंही असंच. शेवट स, झ, श, च, ज यांपैकी एखाद्या ध्वनीचा असेल तर 'बॉक्सेस', 'वॉचेस', 'पेजेस' असा एक ठोका वाढतो. 'केक्स'मध्ये ई लिहिलेला असूनही ठोका एकच.

मोजणी जमते, पण कुठे तोडायचं कळत नाही

इथे नियम बरेच आहेत आणि ते कुठल्या क्रमाने लावायचे हे सहसा कोणी सांगत नाही. क्रम पाळला की निम्म्या शंका मिटतात.

पहिला कट नेहमी जोडावर घ्या. उपसर्ग, प्रत्यय, दोन शब्द जोडलेली जागा. 'मिसस्पेल' म्हणजे मिस आणि स्पेल, म्हणून एस दोन. 'डिसअपिअर' म्हणजे डिस आणि अपिअर, म्हणून एस एक आणि पी दोन. 'अननेसेसरी'त अनचा एन आणि नेसेसरीचा एन, दोन्ही राहतात. 'रेकमेंड'मध्ये सी एक की दोन, एम एक की दोन, हा घोळ वर्षानुवर्षं चालतो. तो 'कमेंड'ला आर-ई जोडून झालाय असं पाहिलं की सी एक आणि एम दोन हे आपोआप ठरतं.

दुसरं, ज्या अक्षरजोड्यांचा मिळून एकच ध्वनी होतो त्या फोडायच्या नाहीत: एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच, सी-के. 'रॉकेट' म्हणजे आर ओ सी के / ई टी. 'फादर' म्हणजे एफ ए / टी एच ई आर. पण 'शेपर्ड'मध्ये पी आणि एच शेजारी आले तरी तिथे फ नाही, कारण शब्द शेप आणि हर्ड असा जोडलेला आहे. जोडाचा कट आधी घ्यायचा तो यासाठीच. एन-जी ही जोडी तर कानानेच तपासावी लागते. 'फिंगर'मध्ये ग स्वच्छ ऐकू येतो, म्हणून एफ आय एन / जी ई आर. 'सिंगर'मध्ये तो वेगळा ऐकू येत नाही, म्हणून एस आय एन जी / ई आर.

यानंतर दोन स्वरांच्या मधली व्यंजनं बघा. दोन असतील तर बहुधा मधून तोडा: रॅब/बिट, नॅप/किन, प्रॉब/लेम. ती दोन्ही मिळून इंग्रजी शब्दाची सुरुवात होऊ शकत असेल, तर कधीकधी एकत्र पुढे जातात, जसं 'सीक्रेट'मध्ये एस ई / सी आर ई टी. तीन असतील तर एकमेकांना धरून राहणारी दोन एकत्र ठेवा: मॉन/स्टर. शेवटी व्यंजन आणि मग एल-ई असेल तर शेवटून तीन अक्षरं मोजून तोडा, टी ए / बी एल ई. 'टिकल'सारख्या शब्दात मात्र सी-के फुटत नाही, तिथे फक्त एल-ई वेगळे होतात.

खरी पंचाईत मधे एकच व्यंजन असतं तेव्हा होते. ते पुढच्या तुकड्याला द्यायचं की मागच्या? यावर स्वराचा उच्चार ठरतो, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. तुकडा स्वरावर संपला तर तो उघडा, आणि त्यावर आघात, म्हणजे जोर, असेल तर त्यातला स्वर बहुधा लांब, म्हणजे आपल्या अक्षराच्या नावासारखा वाजतो: पे/पर, रो/बॉट, टाय/गर. तुकडा व्यंजनावर संपला तर तो बंद आणि स्वर आखूड: कॅब/इन, लेम/अन, हॅब/इट. 'डायनर' आणि 'डिनर' शेजारी ठेवा. पहिल्यात डी आय / एन ई आर, दुसऱ्यात डी आय एन / एन ई आर. दुसरा एन आल्यामुळे पहिला तुकडा बंद झाला आणि आय आखूड झाला.

मग 'हॅबिट'मध्ये बी दोनदा का नाही? 'हॅबिट', 'लिमिट', 'कॅबिन', 'रिव्हर', 'लेमन' हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि एकेरी व्यंजन घेऊनच राहिले. त्यांना नियम लावून उत्तर मिळत नाही; दोन्ही फोडी म्हणून पाहाव्या लागतात. आधी व्यंजन पुढे देऊन स्वर लांब म्हणा: 'हे/बिट'. असा शब्द ऐकलाय? नाही. मग मागे द्या: 'हॅब/इट'. हा ओळखीचा. शब्द आधी कधी ऐकलेलाच नसेल तर ही युक्ती चालणार नाही, तेव्हा सरळ कोश उघडा.

हा वाद जुनाच आहे. इंग्रजी शिकवणारी जुनी पुस्तकं 'हा/बिट', 'क्लु/स्टर' अशी अक्षरांच्या नियमाने फोड करत. 1783 साली अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टरने आपल्या स्पेलिंगच्या पुस्तकात ती पद्धत मोडली आणि उच्चारात तुटतं तिथेच छापील शब्दही तोडावा, 'हॅब/इट', 'क्लस/टर', असा आग्रह धरला. शिकणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर मला वेब्स्टरचंच पटतं.

फोड बरोबर, पण बोललेलं समजत नाही

इथे आघात तपासा. मराठीत आपण सगळे तुकडे साधारण सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत एका तुकड्यावर जोर पडतो आणि बाकीचे दबतात. दबलेल्या तुकड्यातला स्वर बहुतेकदा आखूड, अस्पष्ट 'अ'कडे झुकतो. या ध्वनीला श्वा म्हणतात, आणि इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच. 'हॉटेल'चा जोर पहिल्यावर नसून टेलवर आहे. 'डेव्हलप'चा मधल्या तुकड्यावर: डि/व्हे/लप.

एकाच घराण्यातले शब्द घेऊन ही गोष्ट कानात बसवावी. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर: फो/ट/ग्राफ. 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर जातो: फ/टॉ/ग्र/फर. 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर: फो/ट/ग्रॅ/फिक. जोर सरकला की आधीचा ठळक स्वर विझतो आणि विझलेला पेटतो. शेवटी टी-आय-ओ-एन, आय-सी किंवा आय-टी-वाय आलं की जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर येतो: एज्युकेशनमध्ये 'के'वर, इकॉनॉमिकमध्ये 'नॉ'वर, ॲबिलिटीमध्ये 'बि'वर. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी मोठमोठे शब्द आवाक्यात येतात.

काही तुकडे तर बोलण्यातून पार नाहीसे होतात. 'चॉकलेट' दोन ठोक्यांत म्हणतात, चॉक/लिट. 'व्हेजिटेबल' तीन, 'कम्फर्टेबल'ही बहुधा तीन, कम्फ/ट/बल. 'वेन्सडे' दोन. लिहिलंय तेवढं सगळं म्हणण्याचा हट्ट धरला की समोरचा गोंधळतो.

उच्चार बरोबर, स्पेलिंग मात्र चुकतं

सर्वाधिक तक्रारी इथल्याच. कारण वर आलंच आहे: जो तुकडा बोलताना दबतो त्यातला स्वर कोणता, हे कानाला कळत नाही. 'ग्रामर'च्या शेवटी ए-आर की ई-आर, 'ऑथर'ला ओ-आर का, 'डेफिनिट'मध्ये आय की ए, हे उच्चार कितीही शुद्ध केला तरी ऐकू येणार नाही, कारण आवाज एकच आहे. म्हणून चांगलं बोलणारेही इथे चुकतात, आणि म्हणूनच तोंडाची फोड इथे उपयोगाची नाही.

पहिला इलाज म्हणजे शब्दाचे नातेवाईक शोधणं. ज्या तुकड्यात स्वर दबलाय, त्याच तुकड्यावर जोर येईल असा त्याच कुळातला शब्द आठवा. 'ग्रामर'ला 'ग्रमॅटिकल' आहे. तिथे मॅ ठणठणीत ऐकू येतो, म्हणजे ए. 'ऑथर'ला 'ऑथॉरिटी', म्हणजे ओ. 'सिमिलर'ला 'सिमिलॅरिटी', म्हणजे ए. 'कॉम्पिटिशन'मधला पीनंतरचा स्वर 'कम्पीट' सांगतो, म्हणजे ई. 'डेफिनिट'च्या पोटात 'फायनाइट' आहे, मग तिथे ए यायला जागाच नाही. मुक्या अक्षरांनाही हा उपाय लागू पडतो. 'साइन'मधला जी 'सिग्नल'मध्ये बोलतो, 'मसल'मधला सी 'मस्क्युलर'मध्ये. पाठांतरापेक्षा हे टिकतं, कारण प्रत्येक अक्षराला कारण मिळतं.

नातेवाईक दगाही देतात, हे ध्यानात ठेवा. 'प्रनाउन्स' या क्रियापदात ओ-यू आहे म्हणून 'प्रनन्सिएशन' या नामातही तो घातला जातो. मोजून पाहा: प्र/नन/सि/ए/शन. पाच ठोके, आणि दुसरा 'नन' आहे, 'नाउन' नाही. इथे उच्चार सुधारला की स्पेलिंगही सुधारतं, कारण तो जोराचा नसला तरी स्पष्ट ऐकू येणारा तुकडा आहे.

नातेवाईक मिळत नसेल तेव्हा हाताची फोड. यात प्रत्येक तुकडा जसा लिहिलाय तसा, पूर्ण आवाजात, फक्त स्वतःशी म्हणायचा. एक शब्द जवळून पाहू: 'अकॉमोडेशन'. तोंडाची फोड अ/कॉ/म/डे/शन, जोर डेवर. यातून सी किती आणि एम किती हे अजिबात कळत नाही, आणि नेमकं तेच चुकतं. आता हाताची फोड करा: ॲक/कॉम/मो/डे/शन. पहिला तुकडा सीवर बंद होतो आणि दुसरा सीने उघडतो, म्हणून सी दोन. दुसरा एमवर बंद होतो आणि तिसरा एमने उघडतो, म्हणून एम दोन. तिसरा 'मो' उघडा, तिथे डी एकच. म्हणजे ए सी / सी ओ एम / एम ओ / डी ए / टी आय ओ एन. दुहेरी अक्षर दिसलं की ते तुकड्यांच्या शिवणीवर बसलंय का पाहा. बहुतेक वेळा तिथेच असतं. 'ऑपॉर्च्युनिटी'चे दोन पी, 'इमिडिएट'चे दोन एम याच शिवणीवर सापडतात.

'सेपरेट'साठी मनात 'सेप/आ/रेट'. 'वेन्सडे'साठी 'वेड/नेस/डे'. 'गव्हर्न्मेंट'साठी 'गव्ह/अर्न/मेंट', मग आरनंतरचा एन गळत नाही. 'एन्व्हायर्न्मेंट'मध्ये 'रॉन' असं स्वच्छ म्हणा. लिहिताना ओठांवर ही फोड, बोलताना दुसरी. सुरुवातीला दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवल्या तर त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

शेवटचं अक्षर दुप्पट करायचं की नाही

'बिगिनिंग'ला एन दोन आणि 'ओपनिंग'ला एक, हे लहरीने ठरलेलं नाही. प्रत्यय स्वराने सुरू होतोय, मूळ शब्द एका आखूड स्वरावर आणि एका व्यंजनावर संपतोय, आणि शेवटच्या तुकड्यावर जोर आहे, तर व्यंजन दुप्पट. बि/गिन, जोर गिनवर, म्हणून दोन एन. ओ/पन, जोर ओवर, म्हणून एकच. तसंच 'अकर्ड'ला आर दोन, 'ऑफर्ड'ला एक, 'व्हिजिटेड'ला टी एक. 'प्रिफर्ड'मध्ये आर दोन आणि 'प्रेफरन्स'मध्ये एक, कारण नाम होताना जोर मागे सरकतो. एका सिलेबलच्या शब्दात जोर अर्थातच त्याच तुकड्यावर, म्हणून 'हॉपिंग'ला पी दोन. 'होपिंग' मात्र मुक्या ईच्या 'होप'वरून, तिथे एकच. एलवर संपणाऱ्या शब्दांत ब्रिटिश लिखाण वेगळं वागतं: 'ट्रॅव्हलिंग'ला एल दोन, अमेरिकी लिखाणात एक. कोणतंही एक धरा आणि त्यावर टिका.

कोशातली फोड आपल्या फोडीशी जुळत नाही

कोशात मूळ शब्दाच्या मधे जे ठिपके असतात, ते मेरिअम-वेब्स्टरसारख्या कोशात ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडता येईल हे दाखवतात. म्हणूनच 'अबाउट'मध्ये ठिपका नसतो, कारण ओळीअखेर एकटं ए सोडून शब्द तोडायची पद्धत नाही. सिलेबल तरी दोनच. उच्चाराची फोड त्याच्या शेजारच्या उच्चारचिन्हांत पाहायची. छपाईतही एकमत नाही. 'नॉलेज' अमेरिकी पद्धतीत एलनंतर तोडतात, ब्रिटिश पद्धतीत एलच्या आधी, मूळ 'नो' अखंड राखून.

संगणकाने केलेली फोडही आंधळेपणाने घेऊ नका. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी फ्रँकलिन लियांगने 1983 मध्ये अक्षरांच्या नमुन्यांवरून शब्द तोडण्याची रीत मांडली, आणि ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पण 'रेकॉर्ड' नाम असेल तर आर ई सी / ओ आर डी आणि क्रियापद असेल तर आर ई / सी ओ आर डी, हे नुसत्या अक्षरांवरून कुणालाच ठरवता येणार नाही. वाक्य वाचावं लागतं, आघात ऐकावा लागतो.

आणि काही शब्दांची संख्या खरोखरच पक्की नाही. 'फायर' आणि 'अवर' कोणी एका ठोक्यात म्हणतं, कोणी दोन. 'फॅमिली' दोन किंवा तीन, 'इंटरेस्ट'ही तसाच. दोन्ही बरोबर आहेत, त्यावर वाद घालत बसू नका. बोलताना जे सहज येईल ते म्हणा. लिहिताना मात्र 'फॅमिली'तला आय, 'इंटरेस्ट'मधला टीनंतरचा ई आणि 'एव्हरी'तला अख्खा 'एव्हर' हाताच्या फोडीत शाबूत ठेवा.